बाभळीच्या फुलासारखं जनावर

जालना जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला, त्याच वर्षी केदारखेड्याचा बद्रीनाथ जंजाळ जालन्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा प्राध्यापक म्हणून लागला. पूर्णेच्या काठची जंजाळांची जमीन पिढ्यान्‌पिढ्यांची, पण नोकरीत, आणि तेही प्रोफेसरच्या, घरातला हा पहिलाच. तो गावी आला की पारावर बसलेली माणसं सरकून जागा करून देत. वडील रखमाजी त्याच्याविषयी बोलताना आवाज जरा चढवत. बद्रीनाथला हे आवडायचं, आणि त्यात वावगं असं काही नव्हतं.

पुढच्या वर्षी लग्न झालं. मुलगी भोकरदनची, नंदा, बी.एस्सी. झालेली. शिकलेलीच मुलगी पाहिजे हा हट्ट बद्रीनाथचाच होता. मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, तसं त्यानंच नंदाला एम.एस्सी.ला बसवलं. संध्याकाळी चटईवर पुस्तकं पसरायची. ती विचारायची, तो सांगायचा. ती वर्षं त्याला पुढं फार आठवत राहिली. ‘आमच्या मिसेस एम.एस्सी. करून राह्यल्या,’ असं तो स्टेशन रोडवर भेटेल त्याला सांगे, आणि ऐकणारा मान डोलवायचा ती बद्रीनाथकडं बघूनच.

त्याची स्वतःची पीएच.डी. मात्र मागंच राहून गेली होती. शेळ्या-मेंढ्यांच्या आतड्यातले फीतकृमी हा त्याचा विषय. त्यासाठी सकाळी सकाळी खाटीकखान्यात जाऊन आतडी आणायची, कृमी काढून रंगवायचे, काचपट्ट्या करायच्या. नवीन जालन्यातली एक पॅथॉलॉजी लॅब बंद झाली तेव्हा तिथला जुना, आरशाचा सूक्ष्मदर्शकही त्यानं याच कामासाठी घेतला. मग मार्गदर्शक निवृत्त झाले, नव्यांना विषय पटला नाही, रखमाजींचं दुखणं आलं आणि ते गेलेही. काचपट्ट्यांची लाकडी पेटी पलंगाखाली गेली. काही वर्षं तो ‘चालू आहे’ म्हणायचा. नंतर लोकांनीच विचारणं सोडलं.

नंदा बद्रीनाथच्याच संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला शिकवायला लागली. मॅडमच्या तासाला पोरं घंटा झाली तरी उठत नाहीत, हे बद्रीनाथच्या कानावर पहिल्यांदा घातलं ते प्रयोगशाळेतल्या संपतनं. संपत कौतुकानंच बोलला. बद्रीनाथनंही कौतुकानंच ऐकलं. पण दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम त्या बाजूच्या व्हरांड्यातून गेला.

आत नंदा अमीबा शिकवत होती.

“अमीबाला पाय नाहीत, हाडं नाहीत. मग तो सरकतो कशावर?” ती विचारत होती. “घरी दही लागतं ना, तसं त्याचं अंग बाहेरून लागलेलं असतं. आतून मात्र ताकासारखं पातळ. ताक पुढं वाहत जातं आणि तिथं जाऊन लागतं. मागचं लागलेलं दही मोडतं आणि परत त्याचं ताक होतं. हे लावणारं-मोडणारं कोण? तर आतले बारीक तंतू. ते जोडले जातात, एकमेकांना ओढतात, सुटतात, पुन्हा दुसरीकडं जोडले जातात. तोच त्याचा सांगाडा. आपला सांगाडा एकदा झाला की झाला. त्याचा मात्र सारखा मोडतो आणि सारखा नवा होतो, आणि त्या मोडण्या-होण्यातच तो चालतो.”

एका मुलीनं विचारलं, की दही पुढंच का लागतं, बाजूला का नाही? नंदा म्हणाली, “हे मला पक्कं माहीत नाही. शोधते.”

बद्रीनाथ तिथून निघाला. इतक्या वर्षांत तो अमीबाविषयी वर्गात एकच वाक्य लिहून देत आला होता, की अमीबा छद्मपादांच्या साहाय्यानं हालचाल करतो. आणि ‘मला माहीत नाही’ हे तर तो वर्गात कधीच म्हणाला नव्हता. रात्री जेवताना त्यानं विचारलं, की दही-ताक शिकवायचं असं बोर्डानं कळवलंय का? नंदा हसली. तिला ती गंमत वाटली. ती हसली याचा त्याला जास्त राग आला.

त्या वर्षीच्या दिवाळीला सगळे केदारखेड्याला गेले होते. परत येताना नंदानं पूर्णेच्या डोहातलं पाणी आणि थोडं शेवाळ एका बाटलीत भरून घेतलं. जालन्याच्या घरात सूक्ष्मदर्शक खिडकीपाशी असायचा, कारण त्याचा आरसा उन्हाकडं केल्याशिवाय काही दिसत नसे. तिथं ती तासन्‌तास बसायला लागली. एके दिवशी तिनं बद्रीनाथला हाक मारली.

त्यानं डोळा लावला. काचेसारखा स्वच्छ एक गोळा, आणि त्याच्या अंगभर चहूबाजूंनी निघालेले सरळ, सुईसारखे बारीक किरण. कधी काळी पुस्तकात त्याचं चित्र बघितल्याचं बद्रीनाथला आठवलं. नाव आठवायला वेळ लागला. ते आठवेपर्यंत तो भिंगावरून उठला नाही. मग म्हणाला, “हेलिओझोआ आहे. त्यात काय एवढं?”

त्याची आई, सोनूबाई, मधे राहायला आली होती. नंदानं तिलाही दाखवलं. म्हातारी एक डोळा हातानं झाकून बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, “बाभळीचं फूल हाय की हे.” घरात मग त्याला तेच नाव पडलं.

पण ते फूल हलत होतं. नंदाच्या हे लक्षात आलं तसं तिला दुसरं काही सुचेना. पाय नाहीत, शेपटी नाही, अमीबासारखं अंग वाहतही नाही, आणि तरी तो गोळा बशीच्या तळावर हळूहळू गडगडत जायचा. ती औरंगाबादला विद्यापीठात गेली, तिथं ठोंबरे सरांना भेटली, आणि परत आली ती पीएच.डी.ला नाव नोंदवूनच. रात्री तिनं बद्रीनाथला सगळं सांगितलं. प्रत्येक किरणाच्या आत सूक्ष्मनलिकांची जुडी असते, कडब्याची पेंढी बांधावी तशी घट्ट. नलिका म्हणजे मण्यांची रचलेली पोकळ नळी. मणी जोडत गेले की किरण लांबतो, सुटत गेले की आखडतो. पुढचा किरण तळाला चिकटून आखडला की गोळा पुढं ओढला जात असणार, असं सरांचं म्हणणं. आपल्या पाण्यातल्या जनावराचं नक्की कसं होतं ते बघायचं.

‘आपल्या पाण्यातल्या’ हा शब्द बद्रीनाथला टोचला. त्या डोहात तो पोहायला शिकला होता. त्याच्या आज्याच्या म्हशी त्या डोहात डुंबल्या होत्या. जनावर तिथंच होतं, त्याच्या पाठीपोटाला लागून, आणि दिसलं कोणाला, तर भोकरदनहून आलेल्या सुनेला, आणि तेही त्याच्याच सूक्ष्मदर्शकातून. हे मनात आलं तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून ते मनातून गेलं असं झालं नाही. तो तिला म्हणाला, “कर की. चांगलं आहे.”

एकदा ठोंबरे सर जालन्यात परीक्षेच्या कामाला आले आणि मॅडमचं काम बघायचं म्हणून घरी आले. बारीक अंगाचे, मोठा चष्मा, बोलताना समोरच्याकडं न बघता वस्तूकडं बघायची सवय. दारात बद्रीनाथनं नमस्कार केला. ते म्हणाले, “तुम्ही मॅडमचे मिस्टर ना?” बद्रीनाथनं सांगितलं, की मीही प्राणिशास्त्रच शिकवतो, फीतकृमींवर काम केलं आहे. “अच्छा, अच्छा,” असं म्हणून सर सरळ खिडकीकडं गेले.

नंदा आणि सर बोलत बसले. कोणता किरण कधी चिकटतो, सुटतो कसा, गोळा सरळ का जात नाही. दोघंही मधूनमधून ‘माहीत नाही’ म्हणत आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. ते बोलणं बद्रीनाथला कळत होतं. त्यातच खरी आग होती. कळत नसतं तर तो बाहेर जाऊन पेपर वाचत बसला असता. दोन-तीनदा त्याच्या मनात चांगले प्रश्न आले, पण ते मधे टाकायचे कसे हे त्याला जमेना. वर्षानुवर्षं त्याला लोकांनी प्रश्न विचारले होते. विचारायची सवयच त्याला राहिली नव्हती.

मग नंदानं नुसतं त्याच्याकडं बघितलं. चहा. तो आत गेला. सोनूबाई ओट्यापाशी होती.

“तू कशाला आला?”

“चहा ठेवायचाय.”

“अन्‌ ती?”

“बसलीय सरांसंगं.”

म्हातारीनं त्याच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. ती बोलली असती, सुनेला चार शब्द लावले असते, तर त्याला बरं वाटलं असतं. तो ट्रे घेऊन बाहेर आला. ठोंबरे सरांचा डोळा भिंगाला होता. मान वर न करता ते म्हणाले, “ठेवा इथं.”

त्या दिवसापासून बद्रीनाथ घरात कमी बोलायला लागला. नंदाला वाटलं, की कॉलेजात काही झालं असेल. तिनं विचारलं, त्यानं न्हाई म्हणून सांगितलं. ती कामात होती, पुन्हा विचारायचं राहून गेलं. तो तिच्या लिहिलेल्या कागदांवरून नजर फिरवायचा, कुठं चुकलंय का बघायचा. स्पेलिंगची एखादी चूक सापडली की दिवस बरा जायचा.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात नंदाच्या भावाच्या मुलीचं लग्न भोकरदनला होतं. सोनूबाई गावी होती, मुलगी आईसोबत लग्नाला निघाली. बद्रीनाथला पेपर तपासायचे होते, म्हणून तो मागं राहणार होता. बाभळीच्या फुलांच्या काचेच्या बशा नंदानं रांजणाच्या सावलीला ओल्या वाळूवर ठेवल्या होत्या, वरून ओलं फडकं. जाताना तिनं एवढंच सांगितलं, की फडकं वाळू देऊ नका, बाकी काही करायचं न्हाई.

सकाळभर त्यानं फडकं इमानानं ओलं केलं. दुपारी फोन वाजला. ठोंबरे सर होते. मॅडम आहेत का, विचारलं. नाहीत म्हटल्यावर म्हणाले, की बंगलोरच्या परिषदेत त्यांचा निबंध घेतलाय, त्यांना जायचंय, तयारीला लागा म्हणावं. “सांगाल ना? विसरू नका,” असं वर म्हणाले आणि फोन ठेवला.

बद्रीनाथ खुर्चीत बसून राहिला. तो परभणीच्या पलीकडं कुठल्या परिषदेला गेलेला नव्हता. आणि तिथंही त्यानं निबंध वाचला तेव्हा जेवणाची वेळ झाली होती, निम्मी माणसं उठून गेली होती. पलंगाखालची पेटी त्याला डोळ्यांसमोर दिसत होती. त्यातल्या काचपट्ट्यांवरची नावंसुद्धा.

फडकं वाळलं असेल म्हणून तो उठला. फडकं बाजूला केलं आणि बशा उचलल्या. फ्रिज उघडला. वरच्या बर्फाच्या कप्प्याच्या अगदी खाली दुधाचं पातेलं होतं. ते त्यानं बाहेर ओट्यावर काढून ठेवलं, बशा त्या जागी सरकवल्या आणि दार लावलं. बाहेर ऊन पेटलं होतं, असल्या उन्हात जनावर टिकणार न्हाई, म्हणून आपण हे केलं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण हे कारण त्याला दार लावल्यावर सुचलं होतं, लावायच्या आधी नाही.

मग तो पेपर तपासायला बसला. त्या दिवशी त्यानं पोरांना सढळ हातानं मार्क दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच बसनं नंदा आली. मुलगी आजोळीच राहिली होती. पिशवी खाली न ठेवताच नंदा रांजणापाशी गेली.

“बशा कुठं हेत?”

“फ्रिजमधी ठेवल्या. ऊन लई होतं.”

 फ्रिज उघडल्याचा आवाज आला, मग बशा खिडकीपाशी ठेवल्याचा. बद्रीनाथनं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं. तो ती रडण्याची वाट बघत होता. ती रडली की आपण उठून जवळ जायचं, समजूत काढायची, पुन्हा आणू म्हणायचं, डोह काय आटला न्हाई. इतकं सगळं त्याचं ठरलं होतं. पण बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

“अहो, इकडं या जरा.”

तिचा आवाज वेगळाच होता. तो गेला. एका बशीच्या कडेला बर्फाचा पापुद्रा धरला होता, ती तिनं बाजूला सारली होती. दुसरी भिंगाखाली होती. त्यानं डोळा लावला. नुसता गोळा. एकही किरण नव्हता. मुंडण केलेल्या डोक्यासारखं ते गुळगुळीत दिसत होतं.

“मेलं?” त्यानं विचारलं. आवाज त्याला वाटला होता त्याहून बारीक निघाला.

“बघत राहा,” ती म्हणाली.

खिडकीतून ऊन येत होतं, काच हळूहळू कोमट होत होती. आधी गोळ्याच्या कडेला काटा फुटावा तसं काही तरी दिसलं. ते आहे की डोळ्याचा भास, हे कळेपर्यंत दुसरीकडं एक आलं. मग एकेक करत चहूबाजूंनी, अंकुर फुटल्यासारखे, आखूड, मग जरा लांब. बर्फानं नळ्यांचे मणी सुटे झाले होते, मेले नव्हते. ऊब लागताच ते पुन्हा एकावर एक चढत होते, आणि हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं. त्यानं नंदाला जागा दिली, तिनं बघितलं, पुन्हा त्याला दिली. असे ते दोघं आळीपाळीनं किती वेळ बसले, कोणालाच भान नव्हतं. दूधवाला हाका मारून निघून गेला.

“सरकला,” नंदा म्हणाली.

त्यानं बघितलं. खरंच, किरण पुरते वाढल्यावर गोळा जागचा हलला होता. किरण नव्हते तोवर दगडासारखा पडून होता, आणि किरण आले तसा चालू लागला. त्या क्षणी बद्रीनाथच्या मनात ना ठोंबरे सर होते, ना बंगलोर, ना पेटी. केदारखेड्याच्या डोहात पहिल्यांदा पाण्याखाली डोळे उघडले होते तेव्हा जसं वाटलं होतं, तसं काहीसं त्याला वाटत होतं.

ते फार टिकलं नाही. नंदा उठली आणि फोनपाशी गेली. ठोंबरे सरांशी बोलताना तिचा आवाज असा काही झाला होता, की तो ऐकून बद्रीनाथ परत होता तिथं आला. असं आपल्याशी ती कधी बोलली होती? चटईवर पुस्तकं पसरायची तेव्हा? आठवेना. बंगलोरचा निरोपही तिला फोनवरच कळला. नंतर तिनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, की सांगणारच होतो.

थंडीनं किरण जातात आणि उबेनं परत येतात हे जगात आधीच कोणी तरी बघून ठेवलेलं होतं, ठोंबरे सरांच्या पुस्तकात त्याचे फोटोही होते. पण किरण किती आखडले की चाल थांबते, किती परत आले की पुन्हा सुरू होते, याचा हिशेब पूर्णेच्या जनावरावर नंदानं मांडला. त्यासाठी बर्फ लागायचा. बद्रीनाथ मोटरसायकलवरून नवीन जालन्यातल्या बर्फाच्या कारखान्यातून लाकडाच्या भुशात गुंडाळलेली लादी आणून द्यायचा. तिनं सांगितलं नव्हतं, त्यानंच सुरू केलं. पुढं बियाण्यांवर प्रयोग करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून तिला एक औषधही मिळालं. पाणी गार न करता नुसतं ते टाकलं तरी नळ्या तशाच मोडायच्या आणि चाल थांबायची. म्हणजे थंडीनं जनावर नुसतं गारठत नव्हतं, खरोखर त्याचा सांगाडाच सुटत होता. नंदा हे सांगताना खुर्चीत बसू शकत नव्हती. बद्रीनाथ ऐकायचा, मान डोलवायचा, आणि आत कुठं तरी वाट बघायचा की यात एखादी चूक निघेल.

नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात विद्यापीठात नंदाची तोंडी परीक्षा झाली. ती उघड असते, कोणीही बसू शकतं. केदारखेड्याहून बद्रीनाथचा थोरला भाऊ कडूबा नवं धोतर नेसून आला होता. बाहेरून आलेले परीक्षक प्रश्नांवर प्रश्न विचारत होते आणि नंदा उत्तरं देत होती. दोनदा ती ‘मला माहीत नाही’ म्हणाली. शेवटी परीक्षकांनी विचारलं, की थंडीचा प्रयोग तुमच्या आराखड्यात तर नव्हता, तो सुचला कसा?

नंदानं समोर बसलेल्या माणसांवरून नजर फिरवली आणि ती बद्रीनाथवर थांबवली.

“माझ्या मिस्टरांनी बशा फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या,” ती म्हणाली. “तिथून सुरू झालं.”

माणसं हसली. मग कोणी तरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनीच वाजवल्या. ठोंबरे सर पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघून म्हणाले, “उभे राहा हो, जंजाळ. दिसू द्या लोकांना.” बद्रीनाथ उभा राहिला. हात जोडले. कडूबाच्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या होत्या. बसावं तर टाळ्या थांबत नव्हत्या, आणि उभं राहवत नव्हतं.

परतीच्या बसमधे कडूबा पुढच्या सीटवर बसला आणि बस गाव सोडते न सोडते तोच घोरायला लागला. नंदा खिडकीपाशी होती.  बदनापूर मागं पडलं तसं बद्रीनाथ म्हणाला, “नंदा, ऊन होतं म्हणून न्हाई ठेवल्या त्या बशा.”

“माहीत आहे मला.”

“कव्हापासून?”

“फ्रिज उघडला तव्हापासून. उन्हाची काळजी असती तर खाली भाजीपाशी ठेवल्या असत्या. तुम्ही दूध काढून बर्फाखाली ठेवल्या. प्राणिशास्त्राचा माणूस असं चुकून करत न्हाई.” ती खिडकीबाहेर बघत होती. “त्यातली एक बशी पूर्ण मेली. तीच चांगली होती.”

“मंग आज लोकांसमोर असं का सांगितलं?”

“खोटं काय सांगितलं? तुम्हीच ठेवल्या होत्या.” मग ती म्हणाली, “टाळ्या वाजून राह्यल्या होत्या तव्हा मी तुमचं तोंड बघत होते. त्याच्यासाठी थांबले होते इतके दिवस.”

 माफी मागावी असं मनात होतं, पण तिनं मागायला जागाच ठेवली नव्हती. तिनं वसूल करून घेतलं होतं, सगळ्यांच्या देखत, आणि त्याच्याशिवाय ते कोणाला कळलंही नव्हतं. त्याला वाटलं, हेसुद्धा आपल्याला असं जमलं नसतं.

“इथून पुढं माझ्या बशांना हात लावायचा न्हाई,” ती म्हणाली.

“अन्‌ बर्फ?”

“आणायचा असला तर आणा. न्हाई तर संपतला सांगते.”

त्यानं बर्फ आणणं चालू ठेवलं. संपतनं आणावा हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं.

दोन वर्षांनी नंदाला सीनिअर कॉलेजात घेतलं, त्याच्याच विभागात. वेळापत्रक नव्यानं लागलं. एकपेशीय प्राण्यांचा भाग इतकी वर्षं बद्रीनाथकडं होता. विभागाच्या बैठकीत तो कोणी काढून घ्यायच्या आत त्यानंच सांगितलं, की तो मॅडमकडं द्या. बाकीच्यांना तो मोठेपणा वाटला. नंदानं त्याच्याकडं बघितलं आणि कागदावर स्वतःचं नाव लिहिलं.

तिच्या पहिल्या तासाला तो मागच्या बाकावर जाऊन बसला. नवरा बसलाय म्हणून पोरं-पोरी माना वळवून बघत होत्या, थोड्या वेळानं विसरल्या. नंदा पेशीच्या सांगाड्याविषयी बोलत होती. तंतूंचा आणि नळ्यांचा फरक, अमीबा ओढत-वाहत कसा जातो, बाभळीचं फूल किरणांवर कसं गडगडतं. ती आता पूर्वीपेक्षा सावकाश बोलत होती, आणि पोरं लिहून घ्यायची विसरली होती. बद्रीनाथला ते सगळं पाठ होतं. तिच्या प्रबंधाचं पान अन्‌ पान त्यानं वाचलं होतं. का वाचलं होतं, ते त्याचं त्याला ठाऊक होतं.

बोलण्याच्या ओघात ती म्हणून गेली, की थंडीत तंतू आणि नळ्या दोन्ही सुटतात.

बद्रीनाथ बाकावर सावरून बसला. हे चूक होतं. नळ्या सुटतात. अमीबाच्या तंतूंचं थंडीनं तसं होत नाही, तो नुसता मंदावतो. तिच्या स्वतःच्याच प्रबंधात हे नीट लिहिलेलं होतं. जीभ घसरली होती, बाकी काही नाही. पण त्याच्या छातीत काही तरी आनंदानं उसळलं, आणि ते इतकं जोरात उसळलं की त्याला वाटलं, शेजारच्या पोराला ऐकू गेलं असेल. तास संपेपर्यंत तो ते जपून बसला. दुपारभर ते त्याच्याबरोबर होतं. मस्टरवर सही करताना होतं, मोटरसायकलला किक मारताना होतं.

संध्याकाळी नंदा ओट्यापाशी पीठ मळत होती. तो दारात उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. वर्गात सांगितलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

ती थांबली. आठवून बघितलं. “हो की,” ती म्हणाली. “असंच म्हणाले मी. उद्या तासाच्या सुरुवातीलाच दुरुस्त करते. बरं झालं तुम्ही सांगितलं.” आणि ती पुन्हा पीठ मळायला लागली. मग मान वर न करता तिनं विचारलं, “आणखी काही चुकलं होतं का?”

“न्हाई,” बद्रीनाथ म्हणाला.

ते खरं होतं. तासभर त्यानं तेच शोधलं होतं.